पहिल्यांदा कातळावर जाताना

वाचक विचारतात

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून सोलापुरात बँकेत नोकरी करते. माझी मुलगी नववीत आहे. पॅरिस ऑलिंपिकमधील भिंतीवरची चढाई पाहिल्यापासून तिला प्रस्तरारोहण करून पाहायचे आहे. पुण्याच्या एका गटाने लोणावळ्याजवळ एक दिवसाचा कार्यक्रम जाहीर केला असून ‘अनुभवाची गरज नाही’ असे जाहिरातीत म्हटले आहे. आम्ही दोघींनी आजवर दोर हातातही घेतलेला नाही आणि सासूबाईंचा या बेताला ठाम विरोध आहे. जावे का? आणि जायचे ठरवले तर आधी काय पाहावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अवश्य जावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला काही प्रश्न विचारावेत आणि त्यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर कार्यक्रम कितीही आकर्षक असला तरी तो सोडून द्यावा. सासूबाईंची काळजी अनाठायी नाही. त्यांना ‘काही होत नाही’ असे सांगून गप्प करण्यापेक्षा दोर नेमका कसा काम करतो हे आपण आधी समजून घ्यावे आणि मग त्यांनाही समजावून सांगावे, असे मला वाटते.

मुलीने ऑलिंपिकमध्ये पाहिलेल्या वेगाच्या स्पर्धेत १५ मीटर उंचीची कृत्रिम भिंत महिला खेळाडू सहा-सात सेकंदांत पार करतात. आपल्याला जे करायचे आहे ते याहून फार वेगळे, संथ आणि विचार करत करण्याचे काम आहे. नवशिक्यांच्या दिवसात जवळजवळ नेहमी ‘टॉप रोप’ पद्धत वापरली जाते. कातळाच्या माथ्यावर भक्कम अँकर, म्हणजे दोर अडकवण्याचा पक्का आधार, उभारून त्यातून दोर ओवतात. दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) आठच्या आकाराच्या गाठीने बांधलेले असते आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या व्यक्तीच्या बिले उपकरणातून, म्हणजे दोर रोखून धरणाऱ्या साधनातून, गेलेली असते. चढणारा वर सरकेल तशी खालची व्यक्ती, म्हणजे बिलेअर, दोरातील ढील काढून घेत राहते. त्यामुळे हात सुटला तरी माणूस फार खाली येत नाही, दोराला लोंबकळून थांबतो आणि मग त्याला हळूहळू जमिनीवर उतरवता येते.

या पद्धतीतला एक बारकावा मात्र जाहिरातीत कधीच लिहिलेला नसतो. प्रस्तरारोहणाचा डायनॅमिक दोर झटका शोषून घेण्यासाठी मुद्दाम ताणला जाईल असा बनवलेला असतो. युरोपीय मानकानुसार ८० किलो वजन टांगल्यावर त्याची लांबी १० टक्क्यांपर्यंत वाढलेली चालते. कातळ १२ मीटर उंच असेल, तर चढाईच्या सुरुवातीला वर जाणारा आणि खाली येणारा मिळून सुमारे २४ मीटर दोर वापरात असतो, म्हणजे तो दोन मीटरपेक्षाही अधिक ताणला जाऊ शकतो. याचाच अर्थ पहिल्या एक-दोन मीटरमध्ये हात सुटला, तर दोर अचूक धरलेला असूनही पाय जमिनीवर आपटू शकतात. चांगला प्रशिक्षक म्हणूनच सुरुवातीला दोर ताठ ठेवतो, चढणाऱ्याच्या मागे सावरायला आणखी एकाला उभे करतो आणि पायथ्याची जागा मोकळी ठेवतो. आपल्या मुलीच्या पहिल्या चढाईच्या वेळी हे तिन्ही होते आहे ना, हे आपण खाली उभ्या राहून पाहू शकता.

आता विचारण्याच्या गोष्टींकडे येतो. पहिला प्रश्न असा, की हा दिवस चढाईचा आहे की रॅपलिंगचा? अनेक कार्यक्रमांत ‘क्लाइंबिंग’ असे नाव देऊन प्रत्यक्षात दिवसभर दोरावरून खाली उतरवले जाते. रॅपलिंग करूच नये असे माझे म्हणणे नाही, पण त्यात चढण्याचे कौशल्य शिकता येत नाही. शिवाय रॅपलिंगमध्ये माणसाचा सगळा भार पूर्ण वेळ एका दोरावर आणि एका उपकरणावर असतो, म्हणून नवशिक्याला सुरक्षिततेचा दुसरा, स्वतंत्र दोर बांधलेलाच असला पाहिजे. ‘दुसरा दोर असतो का?’ या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर मिळाले, तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही.

दुसरा प्रश्न माणसे आणि दोर यांच्या संख्येचा. समजा २० जण आहेत आणि दोरांच्या जागा दोनच आहेत. म्हणजे एका दोरावर १० जण. बांधणे, तपासणे, चढणे आणि उतरवणे यांसाठी माणशी १५ मिनिटे धरली, तरी एक फेरी संपायला अडीच तास लागतात. दिवसभरात आपल्या वाट्याला फार तर दोन चढाया येतील आणि उरलेला वेळ उन्हात बसण्यात जाईल. तेवढ्याच दोन दोरांवर आठ जण असतील, तर तासाभरात पुन्हा आपली पाळी येते. पहिल्या चढाईत माणूस भीतीशी झगडत असतो, कातळाकडे त्याचे लक्ष दुसऱ्या-तिसऱ्या चढाईत जाते. त्यामुळे शुल्क थोडे अधिक असले तरी लहान गट निवडावा, असा माझा आग्रह आहे.

तिसरा प्रश्न शिकवणाऱ्यांचा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा संस्थांतून बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स अभ्यासक्रम केलेली, शक्यतो ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ हा शिकवण्याच्या पद्धतीचा पुढचा अभ्यासक्रमही पूर्ण केलेली व्यक्ती त्या दिवशी स्वतः हजर असणार का, हे नाव घेऊन विचारावे. संस्थेच्या संकेतस्थळावर ज्येष्ठ गिर्यारोहकांची छायाचित्रे असतात, पण आपला दोर धरायला भलतेच कोणी उभे असते, असे होऊ नये. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. त्या नोंदणीबद्दल विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रथमोपचार कोणाला येतात, जवळचे रुग्णालय कोणते आणि जखमी माणसाला पायवाटेने रस्त्यापर्यंत कसे आणणार, हेही विचारावे. ज्यांनी याचा विचार केलेला असतो त्यांची उत्तरे लगेच आणि तपशिलाने येतात. संमतिपत्रावर सही मागितली जाईल. ते पूर्ण वाचावे आणि सही केल्याने आयोजकाची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही, हे लक्षात असू द्यावे.

जागेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नागफणीसारख्या प्रचंड कड्याचे आकर्षण स्वाभाविक आहे, पण पहिल्या दिवसासाठी १०-१५ मीटर उंचीचा, पायथ्याला सपाट जागा असलेला, छायाचित्रात फारसा उठून न दिसणारा कातळ कितीतरी चांगला. तेथे प्रशिक्षकाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो, आपली चूक त्याला दिसते आणि नको वाटले तर मिनिटभरात खाली येता येते.

काळाची निवड करताना सोलापूरच्या आभाळावर विसंबू नये. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये कडक ऊन पडलेले असले, तरी लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यांवर पावसाळ्याचा ओलावा, शेवाळ आणि गवत बराच काळ टिकून असते आणि पाण्याने सुटे झालेले दगड तेव्हाच निसटतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे लागलेली असतात आणि हा धोका अनेकांना पडण्याच्या धोक्याइतका गंभीर वाटत नाही. तो तितकाच गंभीर आहे. दोराला बांधलेला माणूस माश्या उठल्यावर पळू शकत नाही. त्या कातळावर किंवा शेजारच्या कड्यावर पोळे आहे का हे आयोजकाने त्याच आठवड्यात जाऊन पाहिलेले असावे. आपण अत्तर लावून जाऊ नये आणि तेथे कोणालाही आरडाओरडा किंवा धूर करू देऊ नये.

सोलापूरकरांसाठी प्रवासाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आणि लोणावळा त्याच्याही पुढे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठेपर्यंत सकाळ सरत आलेली असते, म्हणून बरेच जण रात्रभर प्रवास करून पहाटे उतरतात आणि तसेच कातळाकडे जातात. हे टाळावे. आदल्या संध्याकाळी पोहोचून नीट झोप घ्यावी. परतीचा प्रवास त्याच रात्री करायचा असेल, तर स्वतः गाडी चालवू नये. दिवसभराच्या श्रमानंतर रात्री महामार्गावर गाडी चालवणे मला कातळापेक्षा अधिक धोक्याचे वाटते. सोबत माणशी किमान तीन लिटर पाणी असावे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी प्रवासात उत्तम टिकते, पण तहान वाढवते; त्यामुळे ती चढाई संपल्यावर खावी आणि त्याआधी केळी, खजूर असे हलके काही घ्यावे.

प्रत्यक्ष चढताना दोघींनी एवढेच ध्यानात ठेवावे, की अंग वर ढकलण्याचे काम पायांचे आहे. नवशिका माणूस घाबरून हातांनी स्वतःला ओढत राहतो, कातळाला पोट चिकटवतो आणि पाच मिनिटांत त्याच्या कोपराखालचे स्नायू दगडासारखे घट्ट होऊन बोटे उघडू लागतात. हात शक्य तितके सरळ ठेवावेत, नजर खाली वळवून पावलासाठी खोबण शोधावी, बुटाचा चवडा त्यात नेमका ठेवावा आणि मग पाय सरळ करत उभे राहावे. शारीरिक जोर कमी असलेल्या स्त्रिया पहिल्या दिवशी अनेकदा धडधाकट तरुणांपेक्षा चांगल्या चढतात, कारण जोर अपुरा असल्याने त्या पायांचा विचार लवकर करू लागतात. अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात. खोबणीत अंगठी अडकून अंगाचा भार त्यावर आला तर बोटाला भयंकर इजा होते. नखे कापलेली, केस घट्ट बांधलेले आणि ओढणीऐवजी अंगासरशी बसणारा कुडता किंवा टी-शर्ट असावा. हेल्मेट चढणाऱ्याइतकेच खाली उभ्या असलेल्यांनीही घातलेले असावे, कारण वरून सुटलेला दगड खालच्यांवर येतो.

जमीन सोडण्यापूर्वी दर वेळी चढणारा आणि बिलेअर यांनी एकमेकांची तपासणी करायची असते : हार्नेसचे बक्कल, गाठ, बिले उपकरणातून दोर योग्य दिशेने गेला आहे का, कॅराबिनरचे (दोर जोडणाऱ्या धातूच्या कडीचे) कुलूप फिरवलेले आहे का. ही तपासणी प्रशिक्षक मोठ्याने, आपल्याला दाखवत करत असेल तर आपण योग्य ठिकाणी आला आहात. करत नसेल, तर मुलीला चढू देण्याआधी ती करायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. मला उंचीची भीती वाटते. गड्ड्याच्या यात्रेतील मोठ्या पाळण्यातही मी कधी बसलो नाही. कार्यालयातील मित्र एक दिवसाच्या प्रस्तरारोहणाला जात आहेत आणि मलाही आग्रह करत आहेत. वर गेल्यावर हातपाय गळाले तर काय? अशी भीती असलेल्याने जाऊच नये का?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : उंचीची भीती हा दोष नाही आणि केवळ त्या कारणाने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पाळण्यात बसल्यावर वेग आणि थांबणे या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हाती असतात. टॉप रोपवर किती वर जायचे आणि केव्हा खाली यायचे हे आपण ठरवता, आणि हा फरक भीतीच्या बाबतीत फार मोठा आहे.

माझी सूचना अशी, की पहिली चढाई माथा गाठण्यासाठी करूच नये. तीन-साडेतीन मीटरवर थांबून बिलेअरला ‘टाइट’ असे सांगावे, दोर ताठ झाल्याची खात्री करून घ्यावी आणि मुद्दाम हात सोडून हार्नेसमध्ये मागे बसावे. पाय कातळावर खांद्याएवढ्या अंतरावर टेकवून तसेच थोडा वेळ राहावे, मग खाली उतरवायला सांगावे. दोर आपल्याला धरतो हे डोक्याला पटलेले असले तरी शरीराला ते असे बसल्याशिवाय पटत नाही. अनेक जण ही पायरी वगळतात, थेट माथ्याजवळ पोहोचतात आणि उतरण्यासाठी प्रथमच दोरावर भार टाकण्याची वेळ येते तेव्हा कातळाला घट्ट धरून बसतात. पाय थरथरू लागले तर टाच खाली करावी आणि लांब श्वास सोडावा. चवड्यावर फार वेळ उभे राहिल्याने पोटरी थकते आणि थरथर बहुतेक वेळा त्यामुळेच येते. तिचा अर्थ आपण पडणार असा नसतो.

मित्रांना मात्र निघण्यापूर्वीच एक गोष्ट स्पष्ट सांगावी : ‘खाली घ्या’ असे मी म्हटले की लगेच खाली घ्यायचे, ‘अजून थोडे, जमेल तुला’ असा आग्रह करायचा नाही. प्रशिक्षकालाही हे आधीच सांगून ठेवावे. खालून होणाऱ्या ओरड्याने कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. ती वाढल्याचे मात्र अनेकदा पाहिले आहे. आणि तुम्हाला खाली थांबून केवळ पाहायचे असेल, तर तोही त्या दिवसाचा चांगला उपयोग आहे, हे मित्रांनी मान्य केले पाहिजे.

प्रश्न : वय ४९, वजन ९२ किलो, रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. मुलगा सोबत चला म्हणतो. माझ्या वजनाने दोर किंवा ती कडी तुटणार नाही ना? मुलगा ५५ किलोचा आहे, तो माझा दोर धरू शकेल का?
– एक व्यापारी, चाटी गल्ली

उत्तर : दोर आणि कॅराबिनर यांची काळजी करू नये. चांगल्या कॅराबिनरवर त्याची क्षमता कोरलेली असते आणि लांबीच्या दिशेने ती बहुधा २० किलोन्यूटनपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे दोन टन भाराएवढी असते. पाहायचे ते त्याचे कुलूप, सीई किंवा यूआयएए ही सुरक्षा मानकांची चिन्हे आणि हार्नेसचे पट्टे कोठे विरलेले नाहीत ना हे. हार्नेस कमरेच्या हाडाच्या वर, पोटावर घट्ट बसला पाहिजे. पोट मोठे असल्यास तो खाली घसरतो आणि माणूस उलटा होण्याची शक्यता निर्माण होते. अशा वेळी छातीचाही हार्नेस मागून घ्यावा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. बिलेअर आणि चढणारा यांच्या वजनात ३७ किलोंचा फरक असेल, तर आपला हात सुटताच मुलगा पायांवरून उचलला जाईल, कातळाकडे ओढला जाईल आणि दचकून त्याचा दोर धरलेला हात सुटू शकेल. शिवाय तो स्वतः नवशिका आहे. आपला दोर अनुभवी आणि वजनदार प्रशिक्षकाने धरावा किंवा बिलेअरला जमिनीवर पक्के बांधून घ्यावे. मुलाला दोर धरायला शिकायचेच असेल, तर त्याने आपल्याच वजनाच्या मित्राला बिले द्यावा आणि प्रशिक्षकाने मागे उभे राहून दोराची शेपटी धरावी.

रक्तदाब औषधाने आटोक्यात असेल तर बहुतेकांना अडचण येत नाही, तरी आपल्या डॉक्टरांना ‘दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून, श्वास रोखला जाईल असे जोराचे काम’ असे नेमके वर्णन करून विचारावे. केवळ ‘ट्रेकला जातो’ असे सांगितल्यास त्यांचा गैरसमज होईल. गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी, ती आयोजकाच्या अर्जात लिहावी आणि चढताना दम कोंडून धरू नये.

प्रश्न : सोलापूरजवळ कातळ नाहीत, म्हणून आम्ही काही मित्र भुईकोटाच्या किंवा नळदुर्गच्या तटावर सराव करावा असा विचार करत आहोत. चालेल का? नाहीतर येथे राहून तयारी कशी करावी?
– एक महाविद्यालयीन वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : कृपया करू नका. दोन्ही किल्ले संरक्षित स्मारके आहेत आणि त्यांच्या तटांवर चढणे कायद्याने व नीतीनेही गैर आहे. शिवाय तटाची भिंत रचलेल्या दगडांची असते. शतकानुशतके ऊनपाऊस सोसलेल्या सांध्यांतील चुना निघून गेलेला असतो. ज्या दगडाला तुम्ही पकडाल तोच निसटून हातात येईल आणि खालच्या मित्राच्या डोक्यावर पडेल.

सोलापूरच्या काळ्या मातीखाली सह्याद्रीचाच बसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर येथपर्यंत आणि याच्याही पुढे पसरलेले आहेत. फरक इतकाच, की पश्चिमेला ते थर तुटून कडे झाले आणि आपल्याकडे ते सपाट राहून झिजत गेले. म्हणून कातळासाठी आपल्याला प्रवास करावाच लागतो. पुण्याची बाजू सर्वांना माहीत आहे, पण विजापूर-बागलकोटच्या लोहमार्गावरील बदामी आपल्याला अंतराने पुण्यापेक्षा लांब नाही. तेथील तांबूस वालुकाश्म प्रस्तरारोहकांत प्रसिद्ध असून अनेक मार्गांवर दोर अडकवण्यासाठी खडकात बोल्ट बसवलेले आहेत. स्थानिक जाणकार प्रशिक्षकासोबत, लेणी आणि मंदिरांचा संरक्षित परिसर सोडूनच तेथे चढावे. पाऊस झाल्यावर वालुकाश्म ओला असताना त्यावर मुळीच चढू नये. ओलाव्याने तो कमजोर होतो आणि पकडी तुटतात.

येथे राहून करण्यासारखी तयारी साधी आहे. महिनाभर रोज जिने चढावेत, एका पायावर तोल धरण्याचा सराव करावा, बैठका माराव्यात आणि मैदानावरील आडव्या दांड्याला थोडा थोडा वेळ लटकावे. बोटांच्या टोकांवर लटकण्याचे व्यायाम चित्रफितींत पाहून करू नयेत. बोटांचे स्नायुबंध स्नायूंपेक्षा फार सावकाश बळकट होतात आणि नवशिक्यांना दुखापत तेथेच होते. याच्या जोडीला बाजारातून तीन-चार मीटर साधा सुती दोर आणावा आणि आठची गाठ कमरेच्या पट्ट्याभोवती बांधून, मागे फिरवून, पुन्हा पुन्हा करावी. सगळ्या बाजूंनी दोराच्या दोन-दोन समांतर रेषा दिसल्या आणि टोकाला वीतभर तरी दोर शिल्लक राहिला, तर ती बरोबर आहे. हा सुती दोर केवळ गाठीच्या सरावासाठी आहे; त्यावर कोणीही कधीही लटकू नये.